सगळ्यात म्हातारं हाय ते द्या

रंकाळ्याच्या काठावर एका रविवारी सकाळी कॉलेजच्या काही मुलामुलींनी छोटासा मांडव घातला होता. रस्त्यावर सापडलेली, कुणी टाकून दिलेली कुत्री-मांजरं चांगल्या घरी द्यायची, असा त्यांचा उपक्रम. माझी लेक हट्टानं मला तिथं घेऊन गेली होती. पिल्लांच्या पिंजऱ्यांपुढं नुसती झुंबड. तेवढ्यात गर्दीच्या मागून असा आवाज आला, की भुंकणारी पिल्लंसुद्धा क्षणभर गप्प झाली.

"ह्यातलं सगळ्यात म्हातारं कुठलं हाय?"

मागं वळून बघायची गरजच नव्हती. आमचे शेजारी, चौगुले मास्तर.

मांडवातली मुलगी हसून म्हणाली, "काका, ही बघा ना, दोन महिन्यांची आहेत. एकदम हेल्दी."

"बगितली की. ग्वाड हाईत. पर मला म्हातारं पायजे."

तिला थट्टा वाटली. मास्तर गर्दीतनं वाट काढत पुढं आले. "पोरी, माजी सत्तरी उलटली. तुजं पिल्लू धा-बारा वर्सं जगणार. मी तवर जगंन असं तू सांगतीस काय? न्हाय न्हवं? मग सगळ्यात म्हातारं हाय ते द्या."

मुलीचं हसू मावळलं. तिनं मांडवाच्या मागं झाडाला बांधलेला एक लॅब्रॅडॉर आणला. दोन्ही डोळ्यांत दुधाळ पांढरं. मागचे पाय लटपटत होते. कुठल्याशा बंगल्यात वाढलेला. दिसायचं बंद झालं तसा त्यांनी गाडीतनं आणून सोडला होता.

"ह्याचं नाव ब्रूनो. पण तुम्ही बदललं तरी चालेल," ती म्हणाली.

"म्हाताऱ्याचं नाव बदलत न्हाईत," मास्तर म्हणाले. दुखरा गुडघा धरून ते त्या कुत्र्यापुढं उकिडवे बसले, हाताचा पंजा त्याच्या नाकापुढं धरला आणि थांबले. कुत्रं कितीतरी वेळ हात हुंगत राहिलं. माणसं बघत होती, मास्तरांना त्याची फिकीर नव्हती. शेवटी कुत्र्यानं हनुवटी त्यांच्या मनगटावर टेकवली.

"चला साहेब," मास्तर म्हणाले.

रंकाळ्यापासून फुलेवाडीपर्यंत ते त्याला चालवत आले. वाटेत सगळा रस्ता ऐकत होता. "पायरी हाय. सावकाश. आता खड्डा. डावीकडं घ्या, म्हस हाय."

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात. त्यांची सगळी नोकरी एसटीत गेली, आणि निवृत्तीनंतरही नाव तेच राहिलं. मागच्या सीटपर्यंत पोचवायला कमावलेला आवाज त्यांना कधी लहान करता आला नाही. त्यांची बायको, शालनकाकू, जिवंत असताना म्हणायच्या, "अवो, मी हितंच हाय की, चंदगडात न्हाई." मास्तर खुर्चीत कधी नीट बसत नसत. आमच्याकडं आले की दाराच्या चौकटीला खांदा लावून उभे. चहासुद्धा तसाच, उभ्यानं. बस म्हटलं की म्हणायचे, "बसायची सवयच न्हाई."

शालनकाकू गेल्यावर ते एकटेच. मुलगा महेश पुण्यात नोकरीला. दोन खोल्या, पुढं फरशीचा कट्टा, एक पेरूचं झाड. मास्तर रोज सकाळी भाकरी कुस्करून दुधात घालायचे आणि ती गार झाली का ते करंगळी बुडवून बघायचे. कुत्र्यावर रागावले की त्याला अहो-जाहो करायचे. "झालं का तुमचं? आता बसा गप." प्रेमात असले की मग अरे-तुरे. आमच्या गल्लीला त्यावरून कळायचं, आज घरात वातावरण कसं आहे ते.

ब्रूनोच्या आधीही म्हातारी कुत्रीच होती. पहिलं गारगोटीच्या स्टँडवर पडून असायचं, तोंडात दात नाही. निवृत्तीच्या दिवशी शेवटच्या फेरीला मास्तरांनी त्याला गाडीत घातलं आणि घरी आणलं. नाव गारगोट्या. शालनकाकूंनी आठवडाभर अबोला धरला, आणि पुढं त्यांच्याच पायाशी ते झोपायला लागलं. दुसरी राणी. शेजारच्या गल्लीतलं बिऱ्हाड दुसऱ्या गावाला गेलं आणि ती मागं राहिली. ती मेली तेव्हा शालनकाकू जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी भेटायला गेले, म्हटलं, मास्तर, एकामागोमाग एक फार झालं हो तुम्हाला.

ते चौकटीला टेकून म्हणाले, "मी मागं ऱ्हायलो न्हवं? ती न्हाई ऱ्हायली. ते बरं झालं."

तेव्हा मला त्याचा अर्थ नीट कळला नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. मास्तरांचा गुडघा बरीच वर्षं माझ्याकडं होता, आणि मशीनचा शेक चालू असला की त्यांना पडून राहावं लागायचं. आडवे झाले की त्यांच्या आवाजातला जोर कमी व्हायचा. अशाच एका दुपारी त्यांनी मला ते सांगितलं.

चंदगडच्या रूटवर असताना एका वस्तीच्या थांब्यावर एक म्हातारा चढायचा. बाजारच्या दिवशी, काजूची पिशवी घेऊन. त्याचं तांबूस कुत्रं त्याला थांब्यापर्यंत पोचवायला यायचं आणि संध्याकाळच्या गाडीला न्यायला यायचं. त्या मुलखात पाऊस असा की आठ-आठ दिवस उघडीप नाही, पण कुत्रं चुकायचं नाही. एका पावसाळ्यात म्हातारा यायचा बंद झाला. गेला, असं कुणीतरी सांगितलं. कुत्रं मात्र येत राहिलं.

"गाडी थांबली की ते सगळ्या खिडक्यांकडं बगायचं," मास्तर म्हणाले. "हिकडनं तिकडं पळत जायाचं. मग दारात यून माज्याकडं बगायचं. आता त्येला काय सांगनार? मी बेल द्यायचो. गाडी निगायची. ते वळणापतुर मागनं पळायचं. कवा कवा मी भाकरी टाकायचो, तर तिला तोंड लावत नव्हतं. म्हैना-दोन म्हैनं हे चाललं. मग एक दिवस न्हाई आलं. डायवर म्हणला, बरं झालं, सुटलं. मला त्या दिशी भाडं द्यायला माणसं हाका मारत व्हती, मला ऐकूच येईना."

शेकाचं मशीन बंद झालं. ते उठून बसले, पँट नीट केली.

"माणूस मागं ऱ्हायलं तर त्येला सांगता येतं," ते म्हणाले. "जनावराला कोण सांगनार? म्हणून आपल्या आदी त्यांनी जावं. आपण त्येंच्यासाटी रडावं. त्येंनी आपल्यासाटी दारात बसू नये."

ब्रूनो आल्यावर काही महिन्यांनी मीच त्यांना एक गोष्ट विचारली. गारगोटी रस्त्याला शहराबाहेर एक वृद्धाश्रम आहे. मी तिथं आठवड्यातून एकदा व्यायाम करून घ्यायला जाते. तिथं आनसाबाई नावाची एक म्हातारी आली होती, चंदगडकडची. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं, हाड जुळलंही होतं. पण गावाकडं बघणारं कुणी उरलं नव्हतं. घराला कुलूप लागलं, म्हैस विकली, आणि भाच्यानं तिला इथं आणून ठेवलं. आल्यापासून ती भिंतीकडं तोंड करून पडलेली. बोलत नाही. वॉकर पुढं ठेवला की डोळे मिटून घ्यायची. मी सगळे उपाय केले. जबरदस्ती करून माणूस उभं करता येतं. चालवता येत नाही.

"मास्तर, ब्रूनोला घेऊन एकदा याल का?" मी म्हटलं.

"कुत्रं बगून म्हातारी काय उटून नाचनार हाय व्हय?" ते म्हणाले. पण आले. त्या दिवशी त्यांनी ब्रूनोला आंघोळ घातली होती आणि स्वतः इस्त्रीचा शर्ट घातला होता.

आनसाबाईंच्या खोलीत ब्रूनो नाकानं रस्ता काढत गेला. खाटेच्या लोखंडावर त्याचं डोकं आपटलं, तसा तो तिथंच उभा राहिला. मास्तरांनी एरवीसारखं काही पुकारलं नाही. थोड्या वेळानं ब्रूनोनं गादीच्या कडेवर हनुवटी ठेवली. आनसाबाईंनी मान वळवली. बराच वेळ बघत राहिल्या. मग त्या खोलीत मी पहिल्यांदा त्यांचा आवाज ऐकला.

"काय गा, डोळं गेलं व्हय तुजं?"

ब्रूनोनं शेपटी हलवली. म्हातारीनं हात बाहेर काढला आणि त्याच्या कपाळावरून, डोळ्यांवरून, कानांवरून फिरवला. म्हशीच्या अंगावरून फिरवावा तसा, सगळा पंजा टेकवून. मग मास्तरांकडं बघून विचारलं, "खायला काय घालतोस ह्येला? हाडं लागत्यात हाताला."

"भाकरी-दूध," मास्तर म्हणाले.

"अंडं घाल की. एवडा मोटा आवाज हाय तुजा, अंडं मिळंना व्हय?"

मास्तर हसले. मी त्यांना असं हसताना शालनकाकू गेल्यापासून बघितलं नव्हतं.

मग दर आठवड्याला आम्ही तिघं जायला लागलो. मी पुढं स्कूटरवर, मागं रिक्षात मास्तर आणि ब्रूनो. पुढं हळूहळू असं झालं, की ब्रूनोला व्हरांड्यातनं फिरवायचं काम आनसाबाईंनी घेतलं. तो आंधळा, त्याला कुणीतरी धरून नेलंच पाहिजे. एक हात वॉकरवर, दुसऱ्या हातात पट्टा. खरं तर असं चालायची परवानगी मी दिली नसती. पण ती चालत होती, त्यामुळे मी नुसती मागं मागं राहायचे. "हां, खांब हाय. हिकडं वळ. शाणा हाईस." व्हरांड्याच्या टोकाला पोचले की दोघंही धापा टाकत उभे राहायचे. तिथल्या बाकावर चार-पाच म्हातारी माणसं वाट बघत असायची. एक रिटायर्ड हेडक्लार्क होते, ते सगळ्यांची नावं विसरले होते, स्वतःच्या मुलीचंसुद्धा. ते ब्रूनोला "बाळू" म्हणायचे. कोण बाळू, कुणाला माहीत नव्हतं. मास्तर म्हणाले, "म्हणू द्या. त्येंच्यापुरता बाळू."

आश्रमातून निघताना मास्तर गप्प असायचे. एकदा मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "आपण निगालो की ती सगळी दाराकडं बगत्यात. तुमच्या ध्यानात आलं न्हाई?" आलं होतं. पुढच्या वेळेपासून मास्तर निघताना प्रत्येकाच्या खाटेपाशी जाऊन सांगू लागले, "आता जातोय. आयतवारी येतोय." प्रत्येकाला वेगळं. ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांनाही ते ऐकू जायचं.

हे वर्ष-दीड वर्ष चाललं असेल. माझ्या पाहण्यातली ही एकच गोष्ट असेल जी चांगली चालली होती आणि कुणी तिच्यात मोडता घातला नव्हता.

थंडीतली एक सकाळ. मास्तरांचा "चला साहेब" हा रोजचा पुकारा आमच्या गल्लीचं घड्याळ होतं. तो ऐकू आला नाही. मला वाटलं, बाहेर गेले असतील. मग करपलेल्या दुधाचा वास आला. मी गेले तर पुढचं दार नुसतं लोटलेलं. स्वयंपाकघरात मास्तर जमिनीवर पडले होते, गॅसवर पातेलं काळं होत होतं. ब्रूनो त्यांच्या पाठीला पाठ लावून पडला होता. मी गॅस बंद केला, मास्तरांचा चेहरा वळवला. ते शुद्धीवर होते. तोंड एका बाजूला ओढलं होतं. त्यांनी मला काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. सगळा जीव एकवटून. त्या एवढ्या मोठ्या माणसातून नुसता घशातला एक घोगरा आवाज आला.

उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, समजतंय सगळं, पण शब्द बाहेर येणार नाहीत. आले तर एखादा-दुसरा. दवाखान्यात मीच त्यांचे हातपाय हलवत होते. ज्या माणसाला बसायची सवय नव्हती, त्याला आम्ही उशा लावून बसवत होतो. ते माझ्याकडं बघायचे आणि डावा हात जमिनीपासून हातभर उंचीवर धरायचे. ब्रूनोच्या उंचीवर. मी म्हणायचे, "बरा आहे. माझ्याकडं आहे. अंडं खातोय." ते डोळे मिटायचे आणि थोड्या वेळानं पुन्हा हात धरायचे.

महेश वाईट मुलगा नाही. तो दवाखान्याच्या व्हरांड्यात माझ्यासमोर उभा राहून रडला. "ताई, आबांना इथं एकटं ठेवू शकत नाही. आणि कुत्र्याला तिकडं नेऊ शकत नाही. पोरीला दमा आहे, कुत्र्याचा केस नाकात गेला की रात्रभर वाफ द्यावी लागते. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

पुण्याला न्यायच्या दिवशी गाडी घरापुढं आणली होती. कपडे, औषधं, शालनकाकूंचा फोटो डिकीत गेला. मास्तरांना दोघांनी उचलून मागच्या सीटवर ठेवलं. ब्रूनो कट्ट्यावर उभा राहून हवेत नाक फिरवत होता. मास्तरांनी डाव्या हातानं गाडीचं दार धरलं. महेश बोटं सोडवायला लागला तर सुटेनात. मी ब्रूनोला जवळ नेलं. त्यानं तो हात हुंगला, चाटला. मग बोटं आपोआप ढिली झाली.

"मास्तर, ब्रूनो माझ्या घरी राहील. शेवटपर्यंत," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. आभाराची नजर नव्हती ती. ते घाबरले होते. दार लागलं, गाडी गेली. ब्रूनो तसाच उभा राहिला, आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत, आणि त्यानंतरही.

तो माझ्याकडं नीट जेवला नाही. एवढंच सांगते. गल्लीत गाडी थांबली की मान वर करायचा, मग खाली ठेवायचा. रविवारी मी त्याला आश्रमात नेत राहिले. पहिल्या दिवशी आनसाबाईंनी विचारलं, "मास्तर कुटं?" मी सगळं सांगितलं. त्या बराच वेळ ब्रूनोचा कान चोळत बसल्या.

"बोलत न्हाई म्हणतीस? त्यो?"

"नाही."

"मग देवानं त्येचं काय ठिवलं?" त्या म्हणाल्या, आणि वॉकर ओढून घेतला. "चल गा. आपण चालू."

उन्हाळ्याच्या तोंडाला ब्रूनोचे मागचे पाय पूर्ण गेले. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, आता फार दिवस नाहीत, त्याला आराम वाटेल असं करा. रविवार होता. मी त्याला चादरीत घालून आश्रमात नेलं, आनसाबाईंच्या खाटेशेजारी फरशीवर ठेवलं. म्हातारी खाटेवरून उतरून त्याच्याजवळ बसली. खुबा मोडलेल्या बाईनं असं खाली बसू नये. मी अडवलं नाही. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि गावाकडच्या बोलीत काहीबाही सांगत राहिली. म्हशीचं, पावसाचं, काजूच्या बागेचं. दुपारचा चहा यायच्या आधी तो गेला. तिचा हात त्याच्यावरच होता.

आनसाबाई त्यानंतर चालल्या नाहीत. दुसरं कुत्रं आणू का, मी विचारलं. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. "नको बाई. आता पुरं झालं." मी अजून दर रविवारी त्यांचे पाय हलवून देते. त्या हलवू देतात.

ब्रूनो गेल्याचं मास्तरांना फोनवर कळवायचं नाही, असं मी आणि महेशनं ठरवलं होतं. पुढच्या महिन्यात एका कामासाठी पुण्याला गेले, तेव्हा त्यांच्या घरी गेले. नवव्या मजल्यावरचा फ्लॅट, स्वच्छ, फरशी चकचकीत. मास्तर चाकाच्या खुर्चीत होते. अंगावर भारी टी-शर्ट, दाढी नीट केलेली. केवढे लहान झाले होते. सुनेनं चहा दिला. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि डावा हात हातभर उंचीवर धरला.

मला खोटं बोलता आलं असतं. महेशही तसंच बघत होता माझ्याकडं. पण मास्तरांनी जन्मभर सगळ्यांना सगळं स्पष्ट सांगितलं होतं.

"मास्तर, ब्रूनो गेला," मी म्हटलं.

हात तसाच हवेत राहिला. मग त्यांचं तोंड हलायला लागलं. ओठ, गळा, गालाचे स्नायू, सगळं एका शब्दासाठी धडपडत होतं. महेश उठला, "आबा, राहू दे." त्यांनी मान हलवली. आम्ही थांबलो. किती वेळ, माहीत नाही. शेवटी तो शब्द आला, फुटका, अर्धा, पण कळण्यासारखा.

"एकटं?"

"नाही मास्तर," मी म्हटलं. "आनसाबाई खाली बसल्या होत्या त्याच्याजवळ. त्यांचा हात होता पाठीवर. मी पण होते."

त्यांच्या डोळ्यांतनं पाणी आलं. ते पुसायला मी पुढं झाले, पण त्यांनी नको म्हणून मान वळवली. आत कुठंतरी नातीचा अभ्यासाचा आवाज येत होता. थोड्या वेळानं मी निघाले. त्यांच्या पाया पडले, त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

लिफ्टची वाट बघत मी बाहेर उभी होते. दार उघडंच होतं. सांभाळायला ठेवलेली बाई त्यांची खुर्ची ढकलत बाल्कनीत उन्हाला नेत होती. मास्तरांनी आपल्या डाव्या हातानं मांडीवर पडलेला उजवा हात उचलला, पोटाशी घेतला, आणि दुसऱ्या कुणाचा असावा तसा त्याच्यावरून अंगठा फिरवत राहिले. खुर्ची बाल्कनीत पोचली, बाईनं मागं पडदा ओढला. मग लिफ्ट आली.